राडारोडा ट्रॉलीत भरण्याआधी

ऑफिसचं काम घेऊन कुणी आलं की आधी मोबाइल पुढे करतं. असं रिसेप्शन हवं, असं सीलिंग, ही लॅमिनेटची शेड. फोटो मी सगळे बघते, पण माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमच्याकडे पाडायचं काय काय आहे? लोकांना तो विचित्र वाटतो. इंटिरिअरवालीने काय बसवायचं ते सांगावं, पाडायचं ते ठेकेदार बघेल, अशी समजूत असते. मला हे पटत नाही. जुन्या बांधकामातलं काय नव्या ऑफिसात कामाला येईल, हे भिंतीवर पहिला घण पडण्याआधी ठरवावं लागतं. सगळं एकत्र होऊन ट्रॉलीत गेलं की मग कितीही हुशार डिझायनर आणा, त्यातून काही निघत नाही.

नाशकात माझ्याकडे येणारी बहुतेक कामं कोऱ्या जागेची नसतात. सातपूर-अंबड एमआयडीसीतले जुने शेड आणि त्यांना लागून असलेली छोटी ऑफिसं, शरणपूर रोड, कॅनडा कॉर्नरचे जुने गाळे, गंगापूर रोडवरचा एखादा बंगला, जिथे आता सीएची फर्म बसणार आहे. म्हणजे तोडफोड आलीच. ठेकेदाराची पद्धतही ठरलेली. भिंत, फरशी, पीओपी, चौकटी, वायरी, संडासातल्या टाइल्स, सगळं एका ढिगात. संध्याकाळी ट्रॅक्टर येतो, ट्रॉली भरून जातो. ती ट्रॉली कुठे रिकामी होते हे नासर्डीच्या काठाने किंवा पाथर्डी फाट्याच्या पुढे मोकळ्या प्लॉटांकडे चक्कर मारणाऱ्या कुणालाही सांगायला नको. सिंहस्थाच्या तयारीत शहरभर खोदकाम आणि बांधकाम वाढलंय, तसे हे ढीगही वाढलेत. मला ते बघून खरोखर वाईट वाटतं, कारण त्या ढिगात काय काय गाडलं गेलंय ते मला दिसत असतं.

थोडा हिशेब सांगते. २० फूट लांब, १० फूट उंच, ४.५ इंची पार्टिशनची भिंत उभी असते तेव्हा पाऊण ब्रास असते (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). पाडली की मध्ये पोकळी राहून तिचा ढीग ब्रासभर होतो. म्हणजे एका साध्या केबिनची एक भिंत हलवली तरी शंभर घनफूट माल बाहेर काढावा लागतो. आणि ऑफिसात कुणी एकच भिंत हलवत नाही.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांत दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन राडारोडा काढणाऱ्यांनी तो चार भागांत वेगळा करावा असं होतं: काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक, आणि विटा-गिलावा. २०२५ मध्ये नवे नियम निघाले, ते १ एप्रिल २०२६ पासूनचे. त्यात पुनर्वापराची ठोस जबाबदारी आली आहे, पण ती २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांवर. दोन हजार चौरस फुटांचं ऑफिस त्या मापात कुठेच बसत नाही. तिथे बघणारा कुणी नसतो. म्हणून ते मालकाने आणि माझ्यासारखीने मनावर घ्यायचं. चार भागांची ती यादी मी उचलली आणि त्यात माझा एक पाचवा भाग घातला, पीओपी आणि जिप्समचा. जिप्सममध्ये सल्फेट असतं. ते सिमेंटच्या कामात मिसळलं तर पुढे काँक्रीट फुगून तडे जातात. एक बादलीभर पीओपी चांगल्या विटांच्या तुकड्यांचा अख्खा ढीग वाया घालवू शकतं.

साइटवर मी चुन्याच्या फक्कीने जमिनीवर पाच चौकोन आखून घेते. एका बिगाऱ्याचं काम तेवढंच: जे पडेल ते त्याच्या चौकोनात नेऊन टाकायचं. त्याची हजेरी मी एस्टिमेटमध्ये वेगळी धरते, ठेकेदाराच्या गळ्यात मारत नाही. ती धरली नाही तर दुपारनंतर चौकोन पुसले जातात.

आता सातपूरचं एक काम सविस्तर सांगते. मशीनिंगचे छोटे पार्ट बनवणारा कारखाना, मालकांच्या वडिलांनी ऐंशीच्या दशकात बांधलेला. ऑफिसात खाली दहा इंची मोझॅक टाइल, क्रीम रंगात काळ्या-पिवळ्या खड्यांची. पॅसेजमध्ये शहाबादी. पॅन्ट्रीत कडप्प्याचा ओटा, दारांना संगमरवराचे उंबरे, सागवानी चौकटी. मालकांना सगळं काढून मोठी व्हिट्रिफाइड टाइल हवी होती. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं, फरशी काळवंडली होती आणि दोन भिंती हलल्यावर मध्ये पट्टे दिसणार होते.

मी म्हटलं, आधी एक टाइल काढून बघू.

आमचे गवंडीकाका चाळीस वर्षं या धंद्यात आहेत. त्यांनी छिन्नी उचललीच नाही. हातोडीच्या लाकडी दांड्याने एकेक टाइल ठोकत गुडघ्यावर पुढे सरकत गेले आणि खडूने खुणा करत गेले. म्हणाले, "ताई, कान देऊन ऐका. ही बदबद वाजतेय, ही अख्खी निघणार. ही टणटण वाजतेय, हिने खालचा माल धरून ठेवलाय, ही फुटणार." मग भिंतीकडेची एक फोडून जागा केली. तिथून चपटी छिन्नी दोन टाइलांच्या सांध्यात न घालता टाइलच्या खाली, मालाच्या थरात सारली. खूण केलेल्या बहुतेक टाइल्स अख्ख्या उचलून आल्या.

मोझॅक टाइल दोन थरांची असते. वर खडे आणि सिमेंटचा पाच-सहा मिलिमीटरचा थर, खाली राखाडी जाडसर माल. आपण जन्मभर चालतो ते फक्त वरच्या थरावर, आणि तो वर्षानुवर्षं चालूनही थोडाच झिजतो. व्हिट्रिफाइड टाइलची झिलई गेली की ती गेली. मोझॅकवर मशीन फिरवलं की खालून पुन्हा ताजे खडे येतात. त्या अख्ख्या टाइल्स आम्ही रिसेप्शन आणि मिटिंग रूममध्ये पुन्हा बसवल्या आणि पॉलिशवाल्याकडून पाणी मारून घासून घेतल्या. शॉपफ्लोअरच्या दाराजवळच्या टाइल्समध्ये मशीनचं तेल इतकं मुरलं होतं की डाग हटले नाहीत. त्या स्टोअर रूमला गेल्या. कमी पडल्या तिथे, म्हणजे भिंती हलल्या त्या पट्ट्यांत, पॅसेजमधली शहाबादी घातली. बघणाऱ्याला तो मुद्दाम केलेला पट्टा वाटतो, आणि जुनी भिंत कुठे होती हेही त्या पट्ट्यावरून कळतं.

फुटलेला कडप्पा, शहाबादीचे तुकडे आणि उंबऱ्यांचा संगमरवर यांचं मात्र मला दुसरंच काही करायचं होतं. टेबलांचे टॉप.

कडप्पा, शहाबादी, कोटा, हे सगळे चुनखडक. संगमरवरही त्याच घराण्यातला. त्यामुळे एकत्र ओतून घासले की साधारण सारखे झिजतात आणि पृष्ठभाग सपाट येतो. आपला नाशिकचा काळा दगड त्यात घालता येत नाही. बेसॉल्ट इतका कठीण की शेजारचा चुनखडक झिजून खाली जातो आणि हा टेंगळासारखा वर राहतो. विटेचा उलटा त्रास. रंग फार सुंदर येतो, पण वीट मऊ, घासताना तिथे खळगा होतो आणि पुढे डाग धरतो. म्हणून टॉपमध्ये वीट नाही, बेसॉल्ट नाही.

तुकडे घणाने फोडून चाळणीतून साधारण ६ ते १२ मिलिमीटरचे खडे वेगळे काढले आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतले. हे धुणं कुणाला महत्त्वाचं वाटत नाही, पण खड्यावर भुकटी राहिली तर सिमेंट खड्याला न धरता भुकटीला धरतं आणि घासताना खडा उडून येतो. लॅमिनेट लावलेल्या प्लायचा साचा केला, आतून तेलाचा हात. पांढरं सिमेंट एक भाग, खडे दोन भाग, पाणी बेताचं. अर्धा थर ओतला, कोंबडीजाळी ठेवली, उरलेला ओतला आणि साच्याच्या कडांना हातोडीने ठोकत राहिलो. बुडबुडे वर येतात, फुटतात, मग यायचे थांबतात. त्यानंतर ओलं गोणपाट आणि आठवडाभर पाणी. नाशिकचा एप्रिल चालू होता, गोणपाट दुपारपर्यंत वाळायचं. कारखान्याचे वॉचमनकाका न सांगता पाणी मारत होते, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

साच्यातून काढल्यावर टॉप बघून मालकांचा चेहरा पडला. ते साहजिक आहे. तेव्हा वर फक्त पांढरट सिमेंट असतं, एक खडा दिसत नाही. पॉलिशवाल्याने जाड दगडाचा पहिला हात फिरवला आणि काळे, राखाडी, पांढरे खडे वर यायला लागले. मग बारीक छिद्रांत पांढऱ्या सिमेंटची लाई भरली, ती सुकल्यावर आणखी बारीक दगड, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडचा हात आणि वर सीलर. सीलर चुकवायचा नाही. हा चुनखडक आहे, लिंबू सांडलं तर खातं. लिंबू-चहा पिणाऱ्यांच्या ऑफिसात हे आधीच बजावून ठेवते.

वजनाचंही आधी सांगते. २५ मिलिमीटर जाडीचा टॉप चौरस मीटरला ६० किलो भरतो. चार बाय दोन फुटांचा एक टॉप ४५ किलोच्या आसपास. म्हणजे लाकडी नाजूक पाय चालत नाहीत. खाली लोखंडी फ्रेमच हवी, आणि टेबल एकदा ठेवलं की रोज हलवायचं नाही. मिटिंग रूमला हे चालतं. जिथे महिन्याला बसायची मांडणी बदलते तिथे मी सुचवतच नाही.

व्हिजिटरसाठी बाक करायचा होता. तेव्हा शेजारच्या रस्त्याला एका इमारतीचं काम चालू होतं आणि तिथे कंपाउंडच्या कोपऱ्यात काँक्रीटचे क्यूब पडलेले होते. ज्यांनी साइट जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी: स्लॅब ओतताना त्याच काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे भरून ठेवतात आणि ७ व २८ दिवसांनी मशीनमध्ये दाबून ताकद तपासतात. एम २५ या ग्रेडच्या, म्हणजे ठरावीक ताकदीच्या, काँक्रीटच्या क्यूबने साधारण ५७ टनांचा दाब सोसावा अशी अपेक्षा असते. जास्तीचे भरलेले, न तपासलेले क्यूब साइटवर पडून राहतात आणि शेवटी भरावात जातात. एकेक क्यूब आठ किलोचा, सगळे एका मापाचे, कडा सरळ. आणि प्रत्येकावर ऑइलपेंटने हाताने लिहिलेलं असतं: कुठला स्लॅब, कुठली ग्रेड, कुठली तारीख. तिथल्या साइट इंजिनिअरने आनंदाने दिले.

दोन क्यूब एकावर एक म्हणजे ३० सेंटिमीटर. त्यावर जुन्या चौकटींचं चार इंची सागवान उभं ठेवून, शेजारी शेजारी बोल्टने आवळून बैठक केली. उंची ४० सेंटिमीटर, बूट काढायला-घालायला अगदी नेमकी. क्यूबवरची अक्षरं मी बाहेरच्या बाजूला ठेवली, पुसू दिली नाहीत. तपासून फुटलेला एक क्यूबही मागून घेतला. नीट दाबला गेलेला क्यूब चारी बाजूंनी सुटतो आणि मध्ये डमरूसारखा आकार उरतो. टोकदार कडा घासून तो आता मिटिंग रूमचं दार अडवून धरतो. मालक नव्या पोरांना त्यावरूनच काँक्रीट समजावून सांगतात.

मिटिंग रूममध्ये आवाज घुमत होता. मोझॅक, दगडी टॉप, काच, सगळं कडक. तिथे सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतताना खाली लावायच्या साच्याच्या, कामातून बाद झालेलं प्लाय वापरलं. कडा फुगलेल्या असतात, त्या कापून टाकल्या की मधला भाग बऱ्याचदा शाबूत निघतो. सोड्याच्या पाण्याने तेल काढलं, उन्हात वाळवलं, वाळवी आणि बुरशी तपासून खराब तुकडे बाजूला केले. मग ड्रिलने जवळजवळ भोकं पाडली आणि भिंतीपासून दोन इंच सोडून, मागे रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरून लावलं. घुमारा कमी झाला. सिमेंटचे ओघळ आणि खिळ्यांच्या खुणा तशाच राहिल्या आहेत, मला त्या आवडतात; मालकांच्या पत्नीला सुरुवातीला आवडल्या नव्हत्या, आता काही म्हणत नाहीत.

संडासातल्या फुटक्या पांढऱ्या टाइल्स मिटिंग रूमच्या वरच्या गच्चीवर चायना मोझॅकसाठी, म्हणजे तुकड्यांच्या फरशीसाठी गेल्या, विटांचे तुकडे त्याखालच्या कोब्यात, म्हणजे गच्चीचं पाणी अडवणाऱ्या थरात. यात नवीन काही नाही. ब्रिकबॅट कोबा आपले गवंडी पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत आणि तो मुळात विटांच्या तुकड्यांचाच असतो. चीनमधल्या निंगबो शहरात वांग शू या वास्तुविशारदाने पाडलेल्या गावांच्या विटा-कौलांतून संग्रहालयाच्या भिंती उभ्या केल्या, २००८ मध्ये. पुढे २०१२ चं प्रित्झ्कर हे वास्तुकलेतलं मोठं पारितोषिक त्याला मिळालं. पण ती जुनी-नवी वीट मिसळून बांधायची रीत तिथल्या गवंड्यांचीच होती. मला या गोष्टीतलं हेच मोलाचं वाटतं. आपल्याकडेही ज्ञान साइटवर गुडघ्यावर बसलेलं असतं, आणि आपण त्याला फक्त "लवकर उरका" एवढंच सांगतो.

काही गोष्टींना मी हात लावू देत नाही. शेडवरच्या जुन्या ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या कुंड्या करू या, असं त्याच कारखान्यात सुचवलं गेलं. साफ नाही म्हटलं. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात जाऊन कॅन्सर करतात. तो पत्रा कापायचा नाही, फोडायचा नाही, भोक पाडायचं नाही. काढायचाच असेल तर ओला करून, अख्खा, आणि घातक कचरा म्हणूनच पाठवायचा. दुसरं, जुना ऑइलपेंट. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाखांत ९० भाग) ही १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेल्या दारं-खिडक्यांवर कोरडा सॅन्डपेपर मारणं म्हणजे कारागिराच्या पोटात शिसं घालणं. ओलं घासायचं, मास्क लावायचा, निघालेला चिखल वेगळा गोळा करायचा. काँक्रीट आणि फरशी कापतानाही पाण्याची धार पाहिजेच, कोरड्या कटरची ती पांढरी धूळ सिलिकाची असते. स्वस्तात सुंदर ऑफिस व्हावं म्हणून बिगाऱ्याची छाती खराब होणार असेल तर ते ऑफिस मला नको.

स्वस्त पडतं का, हे सगळेच विचारतात. माल फुकट असतो, हात फुकट नसतात. टाइल अख्खी काढायला फोडण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, टॉप ओतणं-घासणं हे तर कारागिरीचंच काम. सातपूरला फरशीत पैसे वाचले, टेबलांत गेले. ज्यांना फक्त कमी बजेट हवं आहे त्यांना मी सरळ सांगते की फरशी वाचवा, टेबल बाजारातून घ्या. पण जो पैसा लागतो तो गवंड्याला, सुताराला, पॉलिशवाल्याला जातो. मोझॅक पॉलिश करणारी चांगली माणसं आता शोधावी लागतात, त्यांच्या मुलांनी हा धंदा सोडलाय. त्यांच्या हाताला काम मिळत राहावं असं मला मनापासून वाटतं.

सध्या जुन्या नाशकातल्या एका वाड्याचं काम हातात आहे. पुढच्या भागात वकिलांचं ऑफिस होणार आहे, मागची मोडकळीला आलेली भिंत उतरवावी लागली. चुन्यात बांधलेली भिंत उतरवताना काय सुख असतं ते सांगते. चुना विटेपेक्षा मऊ. हातोडीने दोन बाजूंना टिचकी मारली की चुना झडून जातो आणि पातळ, जुनी वीट अख्खी हातात येते. सिमेंटमध्ये हे होत नाही, तिथे सांधा विटेपेक्षा कडक, म्हणून आधी वीटच फुटते. या विटांची पुस्तकांच्या कपाटामागे जाळीदार भिंत बांधायची आहे, चुन्यातच, म्हणजे पुढे कुणाला काढावीशी वाटली तर पुन्हा अख्ख्या निघतील. अर्ध्यामुर्ध्या निघाल्या त्या कुटून चाळून घेतल्या, सुरखी म्हणून त्याच चुन्यात जातील.

पाऊस सुरू होण्याआधी भिंत पुरी व्हायला हवी, ओल्या चुन्याला सर लागलेली चालत नाही. आणि वकीलसाहेबांच्या बाहेरच्या ओटीसाठी मला हिरव्या किंवा मरून रंगाच्या दहा इंची मोझॅक टाइल्स कमी पडतायत. नाशकात कुणाचं जुनं घर किंवा गाळा पाडायला निघाला असेल आणि खाली ही फरशी असेल, तर घण पडण्याआधी कळवा. गवंडीकाकांना घेऊन मी येते, ठोकून बघायला.